पुर्गाचं भुंकणं

वनरक्षक निकानोरची कुत्री पुर्गा प्रत्येक जनावरावर वेगळं भुंकायची. खारीवर तुटक, अस्वलावर घोगरं. आज मात्र ती लार्चच्या झाडाच्या शेंड्याकडे बघून, चोरट्या शिकाऱ्यांवर भुंकायची तशी, म्हणजे माणसावर भुंकावं तशी भुंकत होती.

हिवाळ्यात लार्चवर एक पान राहत नाही. भर दुपारी ते झाड उघडंबोडकं आणि रिकामं दिसत होतं.

"म्हातारी झाली तुझी कुत्री," जोडीदार येफिम बुंध्याला टेकून सिगारेट पेटवत हसला. "आता ढगांनाही पकडून देईल."

वारा नव्हता, तरी शेंड्याजवळच्या फांदीवरचा बर्फ पडला. मग तिच्या खालच्या फांदीवरचा. पुर्गाची नजर हळूहळू खाली येऊ लागली.

"येफिम, तिथून बाजूला हो."

"का रे, घाबरलास?"

"हो, घाबरलो. ये इकडे, तुला आईची शपथ!"

पुर्गा भुंकायची थांबली. शेपूट पायांत घालून ती निकानोरच्या मागे दडली, पण नजर येफिमच्या खांद्यावरून हटेना.

येफिम हसतच दोन पावलं पुढे आला आणि कंबरेत वाकला. तोंडातली सिगारेट गळून पडली.

"निकानोर," तो हळूच म्हणाला, "माझ्या पाठीवर कोण बसलंय रे?"