पांढऱ्या साडीतल्या सिस्टर

"आमच्या वॉर्डात पेशंटने हाक मारायच्या आत सिस्टर हजर असते," खरात मॅट्रननी तपासणीला आलेल्या साहेबांना छाती फुगवून सांगितलं.

"अगदी खरंय," खाटेवरचे गंगावणे काका म्हणाले. "आत्ताच इन्सुलिन टोचून गेल्या की. पांढऱ्या साडीतल्या बाई. हात मात्र बर्फासारखा गार हो त्यांचा."

इन्सुलिनची भरलेली सुई घेऊन आलेली अश्लेषा सिस्टर जागीच थांबली. वॉर्डातल्या सगळ्या सिस्टर निळ्या पँट-शर्टात होत्या. साडी बंद होऊन कैक वर्षं झाली होती.

"मॅडम, देऊ का नको? दोनदा गेलं तर काका हातचे जातील."

"आधी शुगर बघ गं!" मॅट्रन कुजबुजल्या.

मघाशी तीनशेच्या वर असलेली शुगर आता चांगलीच उतरली होती. अश्लेषाने सुई गुपचूप ट्रेमध्ये ठेवली आणि काकांना घाईघाईने वरणभात भरवायला घेतला.

"साडीतल्या बाई म्हणे! नुसता हलगर्जीपणा आहे," साहेब खेकसले. "कोण टोचतंय ते मीच बघतो." बूट काढून ते शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवे झाले.

"साहेब, तिथं नका झोपू," काका घास गिळत म्हणाले. "त्या बाई पेशंटला नाव विचारत नाहीत."

साहेबांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. मॅट्रन दारात पहाऱ्याला उभ्या राहिल्या. कोणी आत आलं नाही, कोणी बाहेर गेलं नाही.

थोड्या वेळाने साहेबांना दरदरून घाम फुटला. शुगर चाळीसवर आली होती. दंडावर कापसाचा बोळा नीट चिकटवलेला होता.