पोतंभर आडनाव

“परत म्हण,” गढीचा कारभारी म्हणाला.

“सॉर्ली मॅकटोरन.” सॉर्लीचा हात कट्यारीच्या पात्यावर होता आणि डोळे पिठाच्या ढिगावर.

“आता बापाचं नाव विसरायचं. कुणीही विचारू दे, मॅकटोरनच सांगायचं. शपथ मोडलीस तर पीठ परत घेऊ. पोटात गेलं असलं तरी घेऊ, कळलं?”

मागची रांग हसली. हायलंडच्या डोंगरात त्या वर्षी ओटचं पीक शेतातच काळं पडलं होतं, लोक कशावरही हसत. गढीच्या सरदाराला माणसं हवी होती, लढायला आणि मिरवायला. त्याचं आडनाव लावील त्याला पोतंभर पीठ. आमच्यासारख्यांना तोवर कुठलं आलंय आडनाव? अमक्याचा पोरगा तमका, झालं. सॉर्लीनं पिठासाठी बाप विकला, असं मागाहून खूप जण म्हणाले. म्हणणाऱ्यांची पोटं भरलेली होती. सॉर्लीच्या घरी तीन पोरं झाडाची साल उकळून खात होती.

पोतं त्यानं घरूनच आणलं होतं. त्याच्या कोपऱ्याला भोक होतं, तिथं बायकोनं, मायरेडनं, स्वतःचा लाल परकर फाडून ठिगळ लावलं होतं. “चिमूटभरसुद्धा सांडू देऊ नका,” एवढंच ती म्हणाली होती.

परतताना खिंडीत बर्फानं गाठलं. समोरचं दिसेना. एका झोपडीतून धूर निघत होता, तिकडं तो वळला.

दार एखननं उघडलं. सॉर्लीच्याच वयाचा, तसाच खप्पड. त्यानं पाहुण्याला शेकोटीपाशी बसवलं, पायाला गुंडाळायला घोंगडी दिली. नाव मात्र विचारलं नाही. आमच्याकडं विचारत नाहीत. दारी आलेल्याला आधी जेवू घालायचं, मग नाव. घरचं अन्न एकदा पोटात गेलं की तो वैरी का निघेना, शिवेपार जाईपर्यंत त्याच्या केसाला धक्का लावायचा नाही. भले भले दरोडेखोर हे पाळत आले.

पण एखनच्या घरी वाढायला काही नव्हतं. त्याची बायको मोराग रिकामं भांडं उगाच घासत राहिली. कोपऱ्यात तिची मुलं पोत्याकडं बघत होती. सॉर्लीला ते बघवेना. चांगला माणूस होता तो, तेच नडलं.

“वहिनी, लाजू नका,” तो म्हणाला. “घ्या यातलं. थापा भाकरी सगळ्यांना.”

मोरागनं भाकऱ्या भाजल्या. सगळे जेवले. मुलांनी तव्यावरची पिठीसुद्धा बोटानं चाटली. एखनचे डोळे भरून आले. “देवमाणूस आहेस गड्या,” तो म्हणाला. “आता नाव सांग. पोरांना सांगीन, त्या हिवाळ्यात आपल्याला कुणी जेवू घातलं ते.”

सॉर्ली ऐटीत बसला. सकाळीच तर घोकलं होतं. “सॉर्ली मॅकटोरन.”

एखननं हातातलं पाणी खाली ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात मॅकटोरनांनी त्याची गुरं पळवली होती आणि आडव्या आलेल्या त्याच्या धाकट्या भावाला तिथंच चिरलं होतं. भावाच्या छातीवर हात ठेवून एखननं शपथ घेतली होती, या नावाचा जो हाती लागेल त्याला सोडणार नाही.

“अहो, जेवलाय तो आपल्या घरी,” मोराग घाईनं म्हणाली.

“आपलं काय खाल्लं त्यानं?” एखन म्हणाला. “मीठ तरी घातलं होतंस?”

मीठ कुठलं असायला घरात?

सॉर्लीला आत्ता कळलं. “अरे भावा, सकाळी घेतलंय ते नाव. पिठासाठी. खोटं आहे ते, मी डोनखचा पोरगा, आमच्यात कुणी मॅकटोरन नाही.”

“पीठ तर खरं होतं,” एखन म्हणाला.

त्याला त्यांनी खिंडीतच दगडांखाली पुरलं. पोतं घरात राहिलं. त्यातलं पीठ टिकलं तोवर एखनच्या मुलांच्या अंगावर जरा मांस आलं. मग पोतं रिकामं झालं आणि मुलं पुन्हा रडायला लागली.

“जा आणि नाव घेऊन या,” मोराग म्हणाली.

“त्यांचं? माझ्या भावाला मारणाऱ्यांचं?”

“भाऊ मेलाय. ही अजून जिवंत आहेत.”

एखननं दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी रिकामं पोतं काखोटीला मारून निघाला. घरात दुसरं पोतं नव्हतं.

गढीच्या अंगणात एक बाई कारभाऱ्यापुढं हात पसरून उभी होती. दोन पोरं तिला बिलगली होती. धाकटीला ती पुरून आली होती.

“किती वेळा सांगू?” कारभारी खेकसला. “नवरा तुमच्या वाटचं घेऊन गेलाय. एका घराला एकदाच. कुणा दुसरीच्या चुलीशी बसला असेल तो. पुढचा!”

एखननं कट्यारीवर हात ठेवला. नाव उच्चारलं. परत म्हणायला लावलं, परत म्हणाला. पोतं भरलं गेलं.

कारभाऱ्याला थट्टेची लहर आली. “ए बाई, हा बघ, नवा मॅकटोरन. आता हा तुझा दीर. दिराकडं माग की मूठभर.”

रांग हसली. मायरेडनं लाज सोडून ओचा पसरला. आपल्यामुळं कुणी तरी वाचलं, एवढं एक तरी आज घडू दे, असं एखनला वाटलं. तो खाली बसला, पोतं मांडीवर घेतलं आणि दोन ओंजळी भरून तिच्या ओच्यात पीठ घातलं.

मायरेड पिठाकडं बघत नव्हती. तिनं हात पुढं करून पोत्याचा कोपरा चाचपला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “हे ठिगळ माझ्या परकराचं आहे.”