जिन्यावरची दुपार

केंद्रातल्या बाईंनी दोघांच्या कानांमागच्या पट्ट्या काढल्या. “झाली अदलाबदल. त्या दुपारची दादांची आठवण ताईंकडे गेली, ताईंची दादांकडे,” असं म्हणून त्या चहा सांगायला बाहेर गेल्या.

शिरीष गोंधळून बसून राहिला. लहानपणी त्याचा धक्का लागून धाकटी बहीण हेमलता गच्चीच्या जिन्यावरून पडली होती. चुकून लागला, असं तो आजवर सांगत आला होता. आता मात्र त्याला स्वतःच्याच पाठीवर बसलेला धक्का आठवत होता, तोंडावर येणारी पायरी आठवत होती. आपण कुणाला ढकलल्याचं काही केल्या आठवेना.

हेमलता आपल्या तळव्यांकडे बघत होती. इतकी वर्षं टपालाने राखी पाठवणारी ती उठून त्याच्यासमोर येऊन बसली.

“दादा, मी मुद्दाम ढकललं रे तुला. माझा पतंग फाडलास म्हणून. मला माफ कर.”

तिच्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण होती. शिरीषला कशाचाच मेळ लागेना. त्याने स्वतःची भुवई चाचपली. ती गुळगुळीत होती, तरी ठणकत होती.

“अजून दुखतं का रे?” हेमलताने विचारलं.

“खूप,” शिरीष म्हणाला.