डोंगराचा अंदाज

उन्हाळ्यातल्या एका सकाळी मैनाच्या फोनवर हवामान खात्याचा अंदाज आला : “खालच्या बागा वाचवण्यासाठी गारांचे ढग आज दुपारी तुमच्या डोंगराकडे वळवत आहोत. सहकार्य करावे.”

कातळावर तिचा हिरडा वाळत होता. वर्षाची कमाई तेवढीच.

“याला अंदाज म्हणतात होय?” ती सासूला म्हणाली. “हा हुकूम झाला, आत्या.”

“धुरात त्यांची ढग हाकणारी विमानं आंधळी होतात. भाताच्या वाफ्यावर राबाचा पालापाचोळा भाजायचाच आहे, आजच भाज.”

मैनाने झोळीतल्या बाळाचा घाम पदराने टिपला, त्याला सासूकडे दिलं आणि राबावर ओला पाला रचून काडी लावली. ते बघून वाडीवाडीतून धूर उठला.

फोन वाजला. हवामान खात्याचा माणूस होता. “बाई, आग विझवा. विमानांना दिसत नाही.”

“तुमच्या साहेबाला आमचा अंदाज कळवा,” मैना म्हणाली. “हिरडा वाळेपर्यंत डोंगरावर धूर राहील.”