बोटीवरून न उतरलेला माणूस

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या हॉलमध्ये आमच्या लेकीच्या, स्वप्नाच्या, फिल्म क्लबने खलाशांवरची एक जुनी नॉर्वेजियन शॉर्ट फिल्म लावली होती. आमच्या ह्यांनी नॉर्वेच्या बोटींवर जन्म काढलेला, त्यामुळे माइक आधी ह्यांच्या हातात. ‘किया ओरा’ असा माओरीत नमस्कार करून भाषण ठोकलं, “बोट बंदराला लागली तरी मी खाली उतरायचो नाही. घरची आठवण यायची.” टाळ्या पडल्या. स्वतःच्या लेकीला कधी मांडीवर न घेतलेल्या माणसाला आठवण कसली डोंबलाची!

फिल्ममध्ये खलाशाची बायको बाळाला निजवताना गाऊ लागली. गाण्याला सबटायटल्स नव्हती. माझ्या शेजारून मात्र कोणीतरी तिच्याबरोबर गुणगुणत होतं. बघते तर हेच! दोन्ही कडवी तोंडपाठ, आणि हात आपसूक मांडीवर थोपटतोय.

दिवे लागल्यावर स्वप्नाने कौतुकाने विचारलं, “बाबा, हे गाणं तुम्हाला कसं येतं?”

“बोटीवर रेडिओला लागायचं,” हे तिची नजर चुकवत म्हणाले.

“असेल हो,” मी म्हणाले, “आणि रेडिओ झोपेपर्यंत तुम्ही त्याला थोपटत बसायचात!”