नागरिकांचे प्रश्न शेवटी

रानडुकराने भाजीवालीचा जीव घेतल्याची बातमी भर सभेत आली आणि नगरसेवकांची जुंपली.

“डुकरांचा बंदोबस्त करा, सांगून सांगून तोंड दुखलं!”

“डुकराने नाही, तुमच्या खड्ड्यांनी मारलं! दवाखान्यात वेळेत पोचली असती तर वाचली असती.”

दारातला रक्ताळल्या शर्टाचा माणूस सारखा हात वर करत होता. नवरा असणार, हे नगराध्यक्षबाईंनी ताडलं. “नागरिकांचे प्रश्न शेवटी. भरपाईचंही तेव्हाच बघू,” म्हणत त्यांनी त्याला दोनदा खाली बसवलं.

अखेर श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहिले, तेव्हा कुठे गलका थांबला.

“बाई, ती जिवंत आहे,” त्याने हात जोडले. “खाली टेम्पोत आहे. दवाखान्याच्या रस्त्यावर तुम्हा लोकांच्या गाड्या लागल्यात. तेवढ्या काढता का?”