बर्टनचे दहा टक्के

"तुझा आकडा या खेपेला मी जसाच्या तसा पाठवला," बर्टन म्हणाला. "दरवेळी दहा टक्के वाढवायचो. जुनी खोड. या बोटीला मात्र हात लावला नाही."

एव्हिस कॉर्कमच्या तोंडचं पाणी पळालं. नवी फेरीबोट लुनेनबर्गचा धक्का सोडून निघाली होती. चाकापाशी कप्तान होता, त्याच्यामागे बोट विकत घेणाऱ्या बेटावरच्या समितीची माणसं. आणि बोटींचे आराखडे करणाऱ्या कचेरीचा प्रमुख बर्टन हिमलमन खिडकीला टेकून मुरवलेला हेरिंग मासा पावावर घेऊन चापत होता. आज त्याचा कामाचा शेवटचा दिवस. सोमवारपासून त्याची खुर्ची एव्हिसला मिळायची होती, पण आज बोट ताशी अकरा सागरी मैल पळाली तर. करारातच तसं होतं. कणभर कमी भरली तर समिती बोट घेणार नव्हती, आणि बोट परत आणणाऱ्या बाईला खुर्ची कोण देतो?

"बोल की काहीतरी," बर्टन म्हणाला. "मी तुला निरोपाची भेट देतोय."

"आभारी आहे," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

कचेरीची रीतच तशी होती. सांगाडा पाण्याला किती अडेल, इंजिनाच्या ताकदीतली निम्मी तरी बोटीखालच्या पंख्यातून पाण्याला लागेल का, हे सगळं एव्हिसनं मांडायचं आणि इंजिन किती ताकदीचं हवं तो आकडा बर्टनच्या हाती द्यायचा. पुढे बर्टनचा आकडा थेट इंजिनखात्यात जायचा. तो परत कुणी पाहत नसे.

सहा वर्षांपूर्वी तिची पहिली बोट तिनं काढलेल्या वेगापेक्षा जरा जास्तच पळाली. दुसरा कुणी असता तर पेढे वाटत हिंडला असता. एव्हिसला मात्र राग आला. बोटीचा वेग चिमूटभर वाढवायचा तर ताकद मूठभर वाढवावी लागते. तिनं उलटा हिशेब केला आणि उत्तर स्वच्छ आलं: म्हाताऱ्यानं गुपचूप दहा टक्के वरून टाकले होते. आपल्यावर त्याचा विश्वास नाही, हे तिला फार लागलं. तोंडावर विचारायची सोय नव्हती, कारण बर्टन भला माणूस होता आणि तिला काम त्यानंच शिकवलं होतं. मग पुढच्या बोटीपासून ती आकडा देतानाच त्याचे दहा टक्के आधी कापून टाकू लागली. तो वाढवायचा, ही कापून बसलेली असायची. तेव्हापासून तिची प्रत्येक बोट ठरल्या वेगाला नेमकी पळत आली.

या बोटीचेही तिनं कापले होते. आणि त्यानं म्हणे घातलेच नव्हते.

तिनं मनातल्या मनात आकडेमोड केली. साडेदहा. फार तर जरा वर. करारातले अकरा काही होत नव्हते.

किनाऱ्यावर रंगवलेले दोन खांब होते. त्यांच्यामधलं अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना कापायचं, म्हणजे भरती-ओहोटीचा फायदा-तोटा फिटून जातो. जाताना बोट ओहोटीबरोबर सुसाट गेली. समितीची माणसं खूश झाली, कुणीतरी गुळाची बिस्किटं फिरवली. एव्हिसनं एक घेतलं आणि हातातच धरून ठेवलं. येताना समोरून पाणी येत होतं. बोट नाक खुपसून नेटानं चालली, आणि दुसरा खांब काही केल्या जवळ येईना.

शेवटी तोही मागे पडला. समितीच्या प्रमुखानं ओठ हलवत दोन्ही फेऱ्यांची सरासरी काढली, पुन्हा एकदा काढली, आणि कप्तानाच्या पाठीवर थाप मारली. अकरा, वर थोडं उरलंच होतं.

"बघ," बर्टन तिचा हात हातात घेऊन म्हणाला, "सहा वर्षं मी उगाच भीत आलो." त्याचे डोळे पाणावले होते. एव्हिसचा जीव भांड्यात पडला, पण डोकं काही गप्प बसेना. साडेदहाचा हिशेब चुकला असता तर तिला कळलं असतं. ती जिना उतरून खाली गेली.

इंजिनखात्याचा मुकादम डेल्बर्ट निकल चिंधीला हात पुसत उभा होता. इंजिन नेमकं किती ताकदीचं बसवलं, असं तिनं विचारलं. त्यानं आकडा सांगितला. तो तिचाच होता, दहा टक्के वाढवलेला.

"पण बर्टन तर म्हणतो, त्यानं वाढवले नाहीत."

"तुला भेट द्यायची होती ना त्याला. कागदावर नाही वाढवले. स्वतः आमच्या खात्यात आला आणि मला वाढवायला सांगून गेला."

"का पण?"

डेल्बर्टनं जिन्याकडे एकदा पाहून घेतलं आणि इंजिनाच्या आवाजात तिच्या कानाशी तोंड आणलं.

"तुला म्हणून सांगतो, त्याला कळू देऊ नकोस. तो म्हणतो, पोरगी हुशार, माणसं धरून ठेवणारी, खुर्ची तिलाच शोभते. खोट एकच, तिचा अंदाज दरवेळी बरोबर दहा टक्के कमी भरतो. तुझं मन मोडेल म्हणून सहा वर्षं बोलला नाही बिचारा. सोमवारपासून ते दहा टक्के मी गुपचूप टाकायचे, असं बजावून ठेवलंय त्यानं."